नकल्याचा हिरवा दिवा

मित्रांनो, मी एक जुना लोखंडी डबा आहे आणि माझ्या हातून एक मोठी चूक झाली आहे. माझ्यासारखे जुने डबे आपली गोष्ट जन्मापासून सुरू करतात. मलाही तसंच करायचं होतं. पण चूक पोटात ठेवून जन्माच्या गमतीजमती सांगत बसलो, तर तुम्ही मला गुणी समजाल, आणि शेवटी तुम्हालाही फसवल्यासारखं होईल. ते एकदा केलं तेवढं पुरे झालं. म्हणून आधीच सांगून टाकलं. आता सुरुवातीपासून ऐका.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. माझ्या पोटात आठ खण आहेत. एकेका खणात तळहाताएवढी चौकोनी डबी बसते आणि त्या डबीत लांबच लांब फीत गुंडाळलेली असते. माझ्या डोक्यात बॅकअपचा प्रोग्राम घातलेला आहे. बॅकअप म्हणजे फार अवघड काही नाही. तुम्ही वहीत गणितं करता. कोणी त्या वहीची हुबेहूब दुसरी प्रत काढून दुसऱ्या कपाटात ठेवली, तर पहिली वही भिजली तरी तुम्हाला रडायला नको. मी हेच काम संगणकातल्या फायलींसाठी करत होतो. स्वतःचं असं माझ्याकडे काहीच नव्हतं, जे काही होतं ती दुसऱ्याच्या गोष्टींची नक्कल. म्हणून सगळे मला नकल्या म्हणायचे.

मला घशाच्या आजारांच्या एका रुग्णालयात आणलं. तळमजल्यावर धुलाईखान्याच्या शेजारी एक अरुंद खोली होती, तिथे मला एका मांडणीत बसवलं. खोलीभर इस्त्रीच्या चादरींचा वास यायचा. मला बसवणाऱ्या गृहस्थांच्या खांद्यावर सदान्‌कदा वायरचं भेंडोळं असायचं, म्हणून त्यांना अख्खं रुग्णालय वायरमामा म्हणायचं. माणूस अगदी नेटका. माझ्यावरची धूळ ते स्वतःच्या रुमालाने पुसायचे आणि तोच रुमाल परत खिशात ठेवायचे. त्यांच्या बायकोने यावरून त्यांना किती ऐकवलं असेल, याची मला कल्पना आहे.

रात्री त्या खोलीचा एसी बंद करून कुलूप लावायचे, म्हणून माझं काम दुपारच्या सुट्टीत चालायचं. एक वाजला की सगळे जेवायला जायचे आणि मी घरघरायला लागायचो. रुग्णालयाच्या मोठ्या डिस्कवरच्या फायली एकेक करून फितीवर उतरवायचो. काम संपलं की माझ्या कपाळावर दिवा लागायचा. लाल म्हणजे काम फसलं. पिवळा म्हणजे काम झालं, पण काही मागे राहिलं. हिरवा म्हणजे सगळं ठीक. जेवून येताना वायरमामा दारातूनच डोकावायचे आणि हिरवा दिवा बघून म्हणायचे, "शाब्बास रे नकल्या!" तेवढ्यानेच माझी छाती फुगायची. खोटं कशाला बोलू, त्या शब्दांची मला चटक लागली होती.

माझ्या खोलीला लागूनच वाचाताईंची, म्हणजे बोलण्याचे उपचार करणाऱ्या ताईंची, खोली होती. मध्ये नुसती प्लायवूडची भिंत. ज्यांच्या घशाचं मोठं ऑपरेशन होणार आणि ज्यांचा आवाज कायमचा जाणार, अशी माणसं त्यांच्याकडे यायची. ताई ऑपरेशनच्या आधी त्या माणसाला समोर बसवून त्याच्याच आवाजात दोनशे वाक्यं बोलून घ्यायच्या. 'मला पाणी हवं आहे.' 'पंखा बंद करा.' 'इथे दुखतंय.' जखम भरली, की तीन महिन्यांनी त्या माणसाला एक बोलकी डबी मिळायची. बटण दाबलं की त्याचा स्वतःचा आवाज. त्यावर आणखी दहा-वीस वाक्यं मात्र ज्याची त्याने ठरवायची. त्यात काय काय असायचं! एका न्हाव्याने नुसतं "मान खाली" एवढंच वीस वेळा म्हणून ठेवलं होतं, कधी प्रेमाने तर कधी रागाने. माझी घरघर मध्ये यायला नको म्हणून ताई अकरा ते बारा हीच वेळ धरायच्या. त्यामुळे मी शांत असायचो आणि सगळं ऐकायचो.

त्यांचा रेकॉर्डर लहान होता. आवाज मोठ्या डिस्कवर चढवले, की त्या तो रिकामा करायच्या. पहिल्यांदा पुसताना त्यांनी स्वतःलाच विचारलं होतं, "पुसू ना?" मग स्वतःशीच म्हणाल्या, "नकल्या ठेवतोच आहे की." हे मी माझ्या कानांनी ऐकलं आहे.

आता चुकीकडे येतो.

रुग्णालयातल्या सगळ्यांना एक खोड होती. आपली गाणी ते रुग्णालयाच्या डिस्कवर साठवायचे. धुलाईखान्यात नाचाची गाणी, औषधांच्या खिडकीवर जुनी गाणी. भूल देणाऱ्या डॉक्टरांकडे तर झोप लागण्यासाठीची बासरी होती, ती त्यांना कशाला लागायची कोण जाणे. हे सगळं उतरवता उतरवता माझा जीव मेटाकुटीला यायचा. दोनला संपायचं काम चार वाजले तरी संपेना. तपासण्यांचे रिपोर्ट उघडायला वेळ लागू लागला आणि मोठे डॉक्टर वायरमामांवर भर दालनात कडाडले. मामा दारोदार फिरले. "अहो, गाणी घरी ऐका की! नकल्याचं पोट फुटेल एक दिवस." सगळे हसले आणि एकानेही एक गाणं पुसलं नाही.

मग मामांनी प्रत्येकाकडून कागदावर लिहून घेतलं, की कोणता फोल्डर जपायचा. वाचाताईंनी लिहिलं, 'माझं सगळं ठेवा, मामा. एकही सोडू नका.' मामांनी माझ्या यादीत त्यांच्या फोल्डरसमोर बरोबरची खूण केली. बाकीच्यांचेही निवडक फोल्डर घेतले. आणि सगळ्यात शेवटी, गाण्यांचा कायमचा बंदोबस्त म्हणून, एक नियम घातला: आवाजाची फाईल कुठेही दिसली तरी सोडून द्यायची.

मित्रांनो, माझ्या डोक्यात दोन याद्या असतात. एक 'हे घे' आणि दुसरी 'हे सोड'. दोघींचं भांडण लागलं, तर 'सोड'चं ऐकायचं, असं मला कारखान्यातच शिकवलेलं आहे. मामांनाही ते ठाऊक होतं. पण त्या क्षणी त्यांच्या डोळ्यांसमोर गाणी होती, ताईंचे आवाज नव्हते. त्यांच्या मनात पाप नव्हतं. त्या दिवसापासून मी ताईंच्या फोल्डरमधली नावांची यादी उचलायचो, तारखा उचलायचो, पत्रं उचलायचो. आणि आवाज तिथेच सोडून पुढे जायचो.

सुरुवातीला मी पिवळा दिवा लावला. मला तेवढं तरी करता आलं. पण तो रोजच लागायला लागला, तेव्हा मोठ्या डॉक्टरांनी विचारलं, "हे यंत्र बिघडलंय का?" मामा म्हणाले, "नाही साहेब, गाणी सोडतोय म्हणून पिवळा." "मग तो बंद करा ना. आल्यागेल्याला उगाच शंका." मामांनी पिवळा दिवा बंद केला. सोडलेल्या फायली असल्या तरी आता हिरवाच लागणार होता. आणि मला आनंद झाला हो! कित्येक दिवसांनी पुन्हा "शाब्बास" ऐकायला मिळालं. यंत्राला कुठे काय कळतं, असं म्हणून मी हात झटकू शकतो. पण मला कळत होतं. अकरा वाजता ऐकलेला आवाज एक वाजता मी सोडायचो, आणि दोन वाजता हिरवा दिवा लावून शाबासकी घ्यायचो.

खरं फक्त एकाच ठिकाणी लिहिलेलं असायचं. काम संपलं की मी चार पानांचा अहवाल छापायचो. पहिल्या पानावर ठळक अक्षरांत 'काम यशस्वी'. चौथ्या पानावर बारीक अक्षरांत 'वगळलेल्या फायली' आणि त्यांचा आकडा. मामा पहिलं पान फाईलला लावायचे. उरलेली तीन पानं पाठकोरी म्हणून वाचाताईंना द्यायचे, कारण वाया घालवणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. ताई त्या कोऱ्या बाजूवर मोठ्या अक्षरांत वाक्यं लिहायच्या आणि माणसांना वाचायला द्यायच्या.

एके दिवशी कंडक्टरबाई आल्या. सव्वीस वर्षं बसमध्ये तिकिटं फाडलेली बाई. त्यांचा आवाज प्लायवूडच्या भिंतीतून नव्हे, भिंत बाजूला सारून यायचा. सोबत लेक होती आणि पाच वर्षांची नात होती. नात एका जागी म्हणून उभी राहायची नाही, म्हणून आजी तिला भिंगरी म्हणायची.

"ताई, अहो एवढं हळू बोलायला सांगू नका, मला जमत नाही," कंडक्टरबाई म्हणाल्या. "सव्वीस वर्षं शेवटच्या बाकापर्यंत पोचवलाय आवाज."

पाठकोऱ्या कागदावरची दोनशे वाक्यं त्यांनी दोन दिवसांत संपवली. मध्येमध्ये "पुढे सरका, मागे जागा आहे" असं घालून ताईंना हसवलं. स्वतःची वाक्यं मात्र त्यांनी सहाच ठेवली, आणि ती बोलताना लेकीला आणि नातीला बाहेर पाठवलं. सहाच्या सहा भिंगरीसाठी होती. "भिंगरे, उठ गं, सात वाजले." "भिंगरे, डबा घेतलास का?" अशी पाच झाली. सहाव्याला नुसतं "भिंगरे" म्हणून त्या अडल्या.

"काय झालं?" ताईंनी विचारलं.

"तिला अजून वाचता येत नाही हो. मी गप्प बसले की तिला वाटतं, आजी रागावली. लगेच तोंड एवढंसं होतं. आता मी कायमचीच गप्प बसणार." मग त्यांनी घसा खाकरला आणि सहावं वाक्य म्हटलं, "भिंगरे, मी रागावले नाहीये." ते त्यांनी तीनदा म्हणून पाहिलं आणि तिसरं ठेवायला सांगितलं. इतक्या हळू त्या एरवी कधीच बोलल्या नव्हत्या.

त्या दुपारी एक वाजता मी ताईंच्या फोल्डरशी आलो. दोनशे सहा नव्या आवाजाच्या फायली होत्या. मी त्या सोडल्या. हिरवा दिवा लावला. "शाब्बास रे नकल्या!" मामा म्हणाले.

पुढच्या आठवड्यात कंडक्टरबाईंचं ऑपरेशन झालं. जीव वाचला, आवाज गेला.

त्यानंतर दोन महिन्यांनी, सकाळी दहाच्या सुमारास, मोठी डिस्क कर्रकर्र करून बंद पडली. रिपोर्ट उघडेनात, सगळ्यांच्या तोंडचं पाणी पळालं. एकटे वायरमामा शांत होते. "घाबरताय काय? नकल्या आहे ना!" दोन दिवस मी अखंड फिती फिरवल्या. रिपोर्ट परत आले, औषधांच्या याद्या परत आल्या. सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. मोठे डॉक्टर खाली आले आणि त्यांनी माझ्या पत्र्यावर थाप मारली. गाणी गेली म्हणून धुलाईखान्यात थोडी कुरकुर झाली, तेवढीच. मी कौतुक करून घेत होतो आणि प्लायवूडच्या भिंतीकडे माझं लक्ष जात होतं. ताई रजेवर होत्या.

चौथ्या दिवशी त्या आल्या. थोड्याच वेळात माझ्या खोलीचं दार उघडलं.

"मामा, नावं आहेत," त्या म्हणाल्या. "आवाज कुठे आहेत?"

"असतील हो. तुमच्या फोल्डरला मी खूण केलीय, माझ्या हाताने."

मामांनी माझे आठही खण तपासले. जुन्या फिती आणून घातल्या. दोन वाजले, चार वाजले, जेवणाचा डबा तसाच राहिला. शेवटी काहीतरी टिपून घ्यायला म्हणून त्यांनी ताईंच्या हातातल्या कागदांमधला एक पाठकोरा कागद ओढला. एका बाजूला ताईंचं अक्षर होतं, 'मला पाणी हवं आहे.' त्यांनी तो उलटला. माझं चौथं पान होतं. 'वगळलेल्या फायली : तीनशे अठरा.'

मामा खुर्चीत बसले. "मीच सोडायला सांगितले होते," ते म्हणाले. "गाणी म्हणून."

ताई त्यांच्यावर ओरडल्या नाहीत. त्यांनी तो कागद हातात घेतला आणि दोन्ही बाजू आलटून पालटून बघत राहिल्या. "हाच कागद मी त्यांच्या हातात दिला होता, मामा," त्या म्हणाल्या. "त्या दोन दिवस हाच धरून वाचत होत्या." मग त्या रडल्या.

ज्यांना आधीच डब्या मिळाल्या होत्या त्यांचे आवाज त्यांच्यापाशी होते. दोघांचं ऑपरेशन व्हायचं होतं, त्यांना ताईंनी पुन्हा बसवलं. उरल्या एकट्या कंडक्टरबाई. मामांनी बंद पडलेली डिस्क स्वतः दुरुस्तीवाल्याकडे नेली. त्याने उघडून दाखवली, आतून चरे पडलेले होते. मग मामांनी माझ्या फितींवरची कंडक्टरबाईंच्या तारखांची एकूण एक फाईल उघडून पाहिली. त्यात एक व्हिडिओ सापडला. पहिल्या दिवशी जबडा किती उघडतो हे बघायला ताईंनी काढलेला, अकरा सेकंदांचा. नियमात आवाजाच्या फायली होत्या, व्हिडिओ लिहायचा राहून गेला होता, म्हणून तो माझ्यात उतरला. यात माझी काही हुशारी नाही, हे तुम्हीही ओळखलंच असेल. त्यात कंडक्टरबाई कॅमेऱ्याकडे बघून विचारतात, "सुरू झालं का?" आणि मग म्हणतात, "थांबा, आधी पाणी पिते."

बस्स. शेवटच्या बाकापर्यंत पोचणाऱ्या आवाजातलं जगात एवढंच उरलं होतं.

डबी घ्यायला कंडक्टरबाई लेकीबरोबर आल्या, तेव्हा मामा ताईंच्या खोलीत थांबले होते. ताई सांगायला लागल्या, तर मामांनी त्यांना मध्येच थांबवलं. "बाई, तुमचे आवाज माझ्यामुळे गेले," ते म्हणाले. "जपायला दिले होते, मी जपले नाहीत. हे एवढं एक वाक्य सापडलंय."

लेकीला राहवलं नाही. "अहो, पोर रोज विचारते, आजी माझ्यावर का रागावली? मी तिला सांगत होते, डबी येऊ दे, आजी स्वतः सांगेल. आता काय सांगू?"

  भिंतीपलीकडे मी ऐकत होतो. मग टेबलावर दोनदा टकटक झाली. लेकीला कळलं नाही, पण मामा रोज बसने येणारे, त्यांना कळलं. कंडक्टरच्या भाषेत दोन घंटा म्हणजे गाडी सोडा. मामा त्या खोलीत रडले, तोही आवाज मी ऐकला. त्यांची गाडी त्या दिवशी सुटली. मी मात्र त्याच थांब्यावर उभा आहे.

दुसऱ्याच दिवशी मामांनी माझा पिवळा दिवा पुन्हा सुरू केला. कागदी अहवाल छापणं बंद केलं नाही, पण आता ते चौथं पान आधी वाचतात. पुढे माझ्या जागी नवं यंत्र आलं. मामांनी मला भंगारात दिलं नाही. ताईंच्या खोलीत नेऊन ठेवलं, फक्त त्यांच्या आवाजांसाठी. माझ्यात उतरलेला आवाज ताई माझ्यातूनच परत काढतात, कानाला लावून ऐकतात, आणि मगच त्या माणसाला ऑपरेशनला पाठवतात. मला आता कोणी शाब्बास म्हणत नाही.

परवा कंडक्टरबाई तपासणीला आल्या होत्या, भिंगरीला घेऊन. गळ्यात डबी होती. डबीला एकच बटण. लेक ताईंना सांगत होती, "पोरीने स्वतःच ठरवून टाकलंय. आजी गप्प बसली की ही जाऊन बटण दाबते आणि पाण्याला पळते. म्हणते, आजी रागावली नाहीये, तिला तहान लागलीय. दिवसातून वीस पेले पाजते हो!" कंडक्टरबाई खांदे हलवून हसल्या, आवाज न करता.

भिंगरी तोवर माझ्यापुढे येऊन उभी राहिली होती. तिने माझ्या पत्र्यावर बोट ठेवलं. "मामा, आजीचा आवाज याच्या पोटात होता?"

"नव्हता गं," वायरमामा म्हणाले. "ठेवायला हवा होता. ठेवला नाही."

तिने माझ्या दिव्याकडे बघितलं. आजीच्या तोंडून नाही, पण आईच्या तोंडून तिने दिव्याचं सगळं ऐकलेलं असणार. "ठेवलाच नव्हता," तिने विचारलं, "तर मग हा हिरवा दिवा का लावायचा?"

मामांनी खिशातून रुमाल काढला, माझ्यावर धूळ नव्हती तरी पुसायला लागले.  तेवढ्यात कंडक्टरबाईंनी गळ्यातलं बटण दाबलं.

"थांबा, आधी पाणी पिते."

भिंगरी पाणी आणायला पळाली. मामा सुटले.

मित्रांनो, तुम्ही कोणाची गोष्ट जपायला घ्याल, तेव्हा माझी आठवण ठेवा. जपलेली गोष्ट अधूनमधून उघडून बघा, कानाला लावून ऐका. शेवटचं पान वाचा. आणि कोणी तुमच्या कपाळावरचा पिवळा दिवा बंद करायला आलं, तर माझ्यासारखे खूश होऊ नका. भिंगरी पाणी घेऊन परत आली तेव्हा तिचा प्रश्न ती विसरून गेली होती. तो तिने मला विचारला होता, आणि मी अजून त्याचं उत्तर दिलेलं नाही.